सदतीस नंबरचे गुलाबकाका

माझ्या शुद्धलेखनाला हसू नये. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत असतानाही जमत नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षराचीही माफी मागते. ओळीवर सुरू होतं आणि उताराला लागलेल्या ट्रकसारखं खाली घसरत जातं. माझा टाका सरळ असतो, त्यावरून कोणाला वाटेल की अक्षरही बरं असेल. तसं नाही. ही वही ब्लाउजांच्या मापांची आहे. मागची पानं कोरी होती म्हणून त्यावर लिहिते. कोणाच्या हाती लागलीच तर पुढची पानं उघडू नयेत, त्यात सगळ्या गल्लीतल्या बायका आहेत.

आमच्या समोरच्या घराला गेल्या महिन्यापासून कुलूप आहे. तिथे गुलाबकाका राहायचे. आता ते मुलीकडे चंद्रपूरला गेले. मी लाजरी आहे, कोणाच्या ओट्यावर जाऊन बसत नाही. काकांशीही मी फार बोलले असं नाही. तेच बोलायचे. आणि ते एकाच गोष्टीबद्दल बोलायचे, ती म्हणजे सदतीस.

सदतीस रुपये नाही, सदतीस किलो नाही. नुसता सदतीस, आकडा.

काका तीस वर्षं इकडच्या एका कोळसा खाणीत लॅम्प रूममध्ये होते. खाली उतरणाऱ्या माणसाला टोपीवर लावायचा दिवा खिडकीतून द्यायचा आणि त्याचा पितळी बिल्ला घेऊन फळीवरच्या खिळ्याला टांगायचा. माणूस वर आला की दिवा परत घ्यायचा आणि बिल्ला काढून त्याच्या हातात द्यायचा. फळीवर बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस अजून जमिनीच्या पोटात आहे. एक जरी बिल्ला उरला तरी खिडकी बंद करायची नाही. काकांचा स्वतःचा बिल्ला सदतीस नंबरचा होता.

"मले सदतीस भेटला तवा मी लय नाराज झालतो," ते सांगायचे. "मले एक नंबर पायजे होता. निदान पंचवीस, पन्नास असा काही तोंडात बसणारा. मग एक दिवस पाळीत काम नव्हतं, बसल्या बसल्या त्याले भागाले घेतलं. दोननं भागला, नाई गेला. तीननं भागला, नाई गेला. पाचनं, सातनं, अकरानं, कोणालेच भीक घालत नाई! मी म्हटलं, अरे हा तं खरा माणूस हाये. कोणाच्या बापाले वाटून घेता येत नाई."

त्या दिवसापासून जे लागलं ते लागलं.

सकाळी ओट्यावर उभं राहून ते दात घासायचे तेव्हा सदतीसचा पाढा म्हणायचे. शाळेत पाढे तिसापर्यंतच असतात. मला तर वीसपर्यंतच आले. काकांना याचा फार राग होता. "तीसपर्यंत सगळ्यायले मान देल्ला अन् पुढच्यायले रस्त्यावर सोडलं. छत्तीस तरी बरा, लोकायनं त्याले भांडणाच्या कामाले लावलं. ह्याले तेवढंई काम नाई. मंग मी नाई म्हणन तं कोण म्हणन?" असं म्हणून चूळ भरायचे आणि 'सदतीस दुणे चौऱ्याहत्तर' करत घरात जायचे.

त्यांची माझी ओळख झाली ती जेवणाच्या पंगतीत. मी नवीनच लग्न होऊन आले होते. काकांच्या नातीचं बारसं होतं. कौसल्याकाकू, म्हणजे काकांची बायको, तेव्हा होत्या. त्यांनी वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी असा बेत केला होता. काकांनी मोजून सदतीस माणसं बोलावली होती. ऐन वेळी त्यातलं कोणीतरी एक आलं नाही. दुपारी माझं दार वाजलं. उघडलं तर हातात पत्रावळ घेऊन काका.

"बाई, जेवाले चाल."

मी मान हलवली. ओळख ना पाळख.

"अवो छत्तीसच राह्यले! छत्तीस म्हणजे काय, दोनात वाटा, तीनात वाटा, चारात, सहात, नऊत, कसेई वाटा. काही कायदाच नाई राह्यला. चाल लवकर, वरण थंडं होऊन राह्यलं."

मागून काकूंचा आवाज आला, "सुनंदा, ये वो माय. तू नाई आली तं हा माणूस कोणालेच वाढू देणार नाई."

मी बाहेर येऊन पाहिलं तर गल्लीत एकच्या एक ओळ बसलेली. काकांच्या ओट्यापासून सुरू होऊन, नळाला वळसा घालून, आमच्या दारापर्यंत. दोन ओळी का नाही केल्या म्हणून एका म्हाताऱ्याने विचारलं तर काका म्हणाले, "करून दाखव. अठरा इकडं बसन, एकोणीस तिकडं. एका बाजूनं मान जास्त. चालन तुले? तीन ओळी कर, एक माणूस उरते. चार कर, तरी एक उरते. सहा कर, तरी तोच एक. त्या एकाले कुठं बसवू, डोक्यावर?"

"मंग अडतीस बोलवाचे होते ना बे!"

"अडतीस!" काकांनी असं तोंड केलं की जणू वरणात माशी पडली. "अडतीस म्हणजे दोघायनं एकोणीस-एकोणीस वाटून घेतलेला आकडा. त्याले काही चरित्र हाये का?"

सदतिसावी पत्रावळ माझ्याच उंबऱ्यासमोर आली. वाढणारी मुलं बादल्या घेऊन ओळीच्या त्या टोकापासून धावत यायची. माझ्यापर्यंत वरण आलं तेव्हा ते निवलं होतं आणि बुंदी आलीच नाही, चौतिसाव्या माणसापाशी संपली. मधेच कोळशाचा रिकामा ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवत उभा राहिला. काकांनी त्याला हात दाखवला, "थांब! ओळ तुटली तं मूळ संख्या मोडन!" ड्रायव्हर खाली उतरला आणि बुंदी मागायला लागला. काका म्हणाले, "तुले देल्ली तं अडतीस होतात." त्याला तसंच परत पाठवलं.

ते लॅम्प रूमच्या गोष्टी सांगायचे त्यात एक गोष्ट खाणीतल्या दोन माणसांची होती. एकाचा बिल्ला एकशे अठ्ठेचाळीस नंबरचा, दुसऱ्याचा चारशे एक्क्याऐंशी. दोघांचं सायकलच्या पंपावरून भांडण झालं होतं. दोन वर्षं बोलत नव्हते. काकांनी एक दिवस दोघांना खिडकीशी अडवलं आणि दिवे द्यायला नकार दिला.

"तुमी दोघं भाऊ हा," काका म्हणाले.

"कोण भाऊ? याचा बाप येगळा, माहा बाप येगळा."

"एकशे अठ्ठेचाळीस म्हणजे सदतीस चोक. आता त्यातला पुढचा एक उचलून मागं ठेव. काय झालं? चारशे एक्क्याऐंशी. तोई सदतीसनं भागला जाते, तेरा वेळा. अजून पुढचा चार मागं ठेव. आठशे चौदा. तोई सदतीसच्याच घरचा, बावीस वेळा. कसेई फिरवा, आकडे घर सोडत नाईत. अन् तुमी एका पंपासाठी सोडलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग मिळून काकांना अशा शिव्या घातल्या की वरचे साहेब बाहेर आले. पण शिव्या देताना दोघांची जी गट्टी जमली ती टिकली. पुढे एकाच डब्यात जेवायचे. पंप कोणाकडे राहिला ते मात्र काकांना माहीत नव्हतं.

मला वाटलं, काका आपलं काहीतरी फेकतात. घरी येऊन मी चारशे एक्क्याऐंशी तुरीचे दाणे मोजून घेतले आणि सदतीस-सदतीसच्या ढिगाऱ्या केल्या. बरोबर तेरा झाल्या, एक दाणा उरला नाही. मी पुन्हा मोजलं. आमचे हे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत, ते जेवायला आले तर सगळ्या घरात दाणे. "वरण करून राह्यली का दुकान टाकून राह्यली?" म्हणाले. मी दाणे डब्यात भरले, आणि त्या दिवसापासून काकांचं बोलणं मी कान देऊन ऐकायला लागले.

एकदा त्यांनी ओट्यावर खडूने तीन आणि सात लिहिले. "तिनाले तीनदा घे. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. आता साताले तसंच. सात साते एकूणपन्नास, एकूणपन्नास साते तीनशे त्रेचाळीस. कर बेरीज."

मी मनात केली, बोटांवर केली, मग हळूच म्हटलं, "तीनशे सत्तर."

"पाह्यलं! त्याच्याच घरातले दोन लेकरं, दोघं बाहेर गेले, मोठ्ठे होऊन आले, अन् हात धरून उभे राह्यले तं पुन्हा बापासारखेच दिसले. मागं फकत एक शून्याची शेपूट." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कौसल्याकाकू आतून म्हणाल्या, "माह्या बापाच्या मयतीत रडले नाई, अन् हे पाहा."

आणि तापाची गोष्ट तर सगळ्या गल्लीला माहीत आहे. आरोग्य शिबिर आलं होतं. तिथल्या नर्सबाईंकडे कपाळासमोर धरायचं यंत्र होतं. त्यांनी सांगितलं की निरोगी माणसाच्या अंगात सदतीस अंश असतात. काका उडालेच. "म्हणजे देवानं प्रत्येकात टाकला हाये!" मग त्यांच्या कपाळासमोर यंत्र धरलं तर छत्तीस पूर्णांक चार निघाले.

"बिलकुल नॉर्मल आहे, काका."

"नॉर्मल कसं? कमी हाये!"

"चालतं तेवढं."

"तुमाले चालते, मले नाई चालत. तीस वर्षं तो नंबर गळ्यात घालून फिरलो, अन् अंगात छत्तीस?"

एप्रिलची दुपार होती. काका घरी गेले, काळी घोंगडी पांघरली आणि ओट्यावर उन्हात जाऊन बसले. अर्ध्या तासाने तसेच घोंगडीसकट शिबिरात गेले. सदतीस पूर्णांक नऊ. नर्सबाई घाबरल्या, गोळ्या देऊ लागल्या. काका म्हणाले, "जरा जास्त झालं," आणि कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. दर पाच मिनिटांनी येऊन कपाळ पुढे करायचे. शेवटी बरोबर सदतीस आले तेव्हा त्यांनी नर्सबाईंना तो आकडा कागदावर लिहून सही करून मागितला.

कौसल्याकाकू गेल्या त्यानंतर काका वर्षभर पाढा म्हणाले नाहीत. नुसते दात घासायचे. मग एक दिवस मला हाक मारली. घरात काकूंची शिलाई मशीन होती, पायाने चालवायची, चाकाला अजून चकाकी. मी तेव्हा हाताने फॉल-बिडिंग करायची, मशीनवरचं काम दुसरीकडे द्यावं लागायचं आणि अर्धी मजुरी तिकडेच जायची.

"घेतं का?"

माझ्याकडे पैसे नव्हते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

"फुकट देल्ली तं तू घेणार नाई, मले माहीत हाये. तीन हजार सातशे. शंभराचा एक असे सदतीस हप्ते. सदतीसवा देल्ला की मशीन तुही. तवलोक ते कौसल्याची. तू फकत चालवून राह्यली असं समज."

हे मला मनापासून पटलं. माझ्या नावाची अशी एकही वस्तू नव्हती. माहेरची भांडी सासूबाईंच्या नावाने वापरात गेली, घर ह्यांच्या नावावर, मोबाईलसुद्धा ह्यांचा जुना. मला एक वस्तू अशी पाहिजे होती की जिच्याबद्दल कोणी "अजून थोडं राह्यलं" असं म्हणू नये.

"दोन दोन दिले तर लवकर फिटतील," मी धीर करून म्हटलं.

"दोन दोन केले तं शेवटी एक उरते. तीन तीन केले तरी एक उरते. सदतीस म्हणजे एकेकच, नाईतं मंग एकदम सगळे."

त्यांनी एक फळी आणली, तिच्यावर सदतीस खिळे ठोकले आणि प्रत्येकाला सोड्याच्या बाटलीचं एकेक झाकण भोक पाडून टांगलं. "हे सदतीस माणसं खाली उतरले. तू शंभर देल्ले की एक वर येईन." वहीत लिहून ठेवा म्हटलं तर म्हणाले, "पैसे मोजाले मी बँकवाला हाये का? मी माणसं मोजतो. तीस वर्षांत एक चूक नाई."

पहिला हप्ता दिला त्या दिवशी त्यांनी एक झाकण काढलं आणि माझ्याकडचा बटणांचा डबा मागितला. एक बटण मध्ये ठेवलं. त्याच्याभोवती खेटून सहा बसले, सातव्याला जागा नाही. त्या सहांभोवती बारा. त्यांच्याभोवती अठरा. सहा कोपऱ्यांचं छान फूल झालं. "मोज." मोजले तर सदतीस. मला ते इतकं आवडलं की मी एका पांढऱ्या कापडावर तसंच फूल करायचं ठरवलं, दर हप्त्याला एक बटण. पहिलं मध्ये शिवलं, काकूंच्या ब्लाउजाचं होतं, निळं.

मग महिने गेले. शंभर द्यायचे, काका फळीकडे वळून "या वर!" म्हणायचे, मी घरी येऊन बटण शिवायची. सहाचं कडं झालं, बाराचं झालं, अठराचं भरत आलं. एका महिन्यात फुलात एकाच बटणाची जागा उरली. मी शंभर देऊन काकांकडे पाहिलं, आता म्हणतील, मशीन तुही. काका फळीकडे पाहून म्हणाले, "चाला, आता एकच खाली हाये. पुढच्या महिन्यात तोई येते."

फळीवर खरंच एक झाकण लटकत होतं.

मी घरी आले, शेवटचं बटण शिवलं आणि सगळी मोजली. सदतीस. उलटीकडून मोजली. सदतीस. फुलात एकही जागा रिकामी नव्हती. म्हणजे मी सदतीस वेळा पैसे दिले होते आणि काका म्हणत होते छत्तीस.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मंग सांग ना त्यायले."

"मी कशी सांगू? ते तीस वर्षं..."

"नाईतं दे शंभर अन् मोकळी हो. शंभरासाठी कायले तोंड उघडतं."

मी नेहमी तेच करते. बाजारात भाजीवालीने दोनदा पैसे मागितले तरी दोनदा देते. पुढच्या महिन्यात मी शंभर रुपये नेऊन दिले. काकांनी शेवटचं झाकण काढलं, फळीसमोर ताठ उभे राहून "पाळी सुटली!" असं ओरडले की रस्त्यावरची बकरी पळाली. मग मशीनवर हात ठेवून म्हणाले, "घे. आता तुही." संध्याकाळी गल्लीत मोजून सदतीस पेढे वाटले. ज्याला त्याला सांगत होते, "सदतीस हप्ते! एक कमी नाई, एक जास्त नाई!"

माझ्या हातात अडतिसावं बटण होतं. त्याला फुलात जागा नव्हती. कापडाच्या कडेला लावून पाहिलं तर फुलाला मस आल्यासारखं दिसलं. मशीनवर बसले तर पाय चालेनात. शंभर रुपये गेले ते गेले, पण मशीन माझी झाली ती अडतिसात झाली. दोघांनी एकोणीस-एकोणीस वाटून घेतलेल्या आकड्यात. आणि काका बिचारे सगळ्या गल्लीला खोटं सांगून राहिले होते, त्यांना माहीतच नव्हतं. दोन दिवस मी एकही ब्लाउज शिवला नाही. तिसऱ्या दिवशी कापड पदराखाली घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. स्वतःसाठी मी बोलले नसते. सदतीससाठी बोलले.

"काका, अडतीस झाले."

"काय अडतीस?"

"हप्ते."

काका हसले. "पोरी, फळीवर खिळे किती? मोज."

मी कापड त्यांच्या मांडीवर पसरलं आणि मूठ उघडून जादाचं बटण बाजूला ठेवलं. "दर हप्त्याला एक शिवलं. फूल मागच्याच महिन्यात भरलं. हे उरलं."

त्यांनी चष्मा लावला. बोटाने कडी मोजली. "एक. सहा. बारा. अठरा." बाहेरच्या कड्यावर बोट तीनदा फिरवलं. मग उरलेलं बटण उचलून कुठे बसतंय का ते पाहिलं, या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. बसलं नाही.

"एखादं बटन तू उगाच..."

"नाही काका," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला. "मी शंभराशिवाय सुई हातात घेतली नाही."

त्यांनी बटण खाली ठेवलं. मग विचारलं, "असं कधी झालं का, दोन हप्ते जवळजवळ देल्ले?"

मला आठवलं. एकदा महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच एका लग्नघरचे शिलाईचे पैसे आले, हातात होते म्हणून त्या महिन्याचेही देऊन टाकले. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

"काल संध्याकाळी अन् आज सकाळी! एकच माणूस एका दिवसात दुसऱ्यांदा खिडकीशी दिसला म्हणजे तो डबल ड्यूटीचा. त्याच्या बिल्ल्याले हात लावाचा नाई, असा नियम हाये. तीस वर्षांचा हात, थांबला असन. तू डबल ड्यूटी केली वो, अन् मी एका माणसाले महिनोन्‌महिने खाली ठेवलं!"

त्या न आलेल्या माणसाची त्यांना खरंच काळजी वाटत होती. "उपाशी असन," म्हणाले. मी म्हटलं, "काका, ते झाकण आहे." म्हणाले, "तरी बी."

मग ते उठले आणि माझे शंभर परत द्यायला डबा उघडला. सदतीस रुपये मोजून माझ्यासमोर ठेवले. पुन्हा सदतीस ठेवले. चौऱ्याहत्तर झाले. पुढे हात थांबला.

"सव्वीस राह्यले," मी म्हटलं.

"सव्वीस मी देणार नाई. आयुष्यभर ज्याच्यासंग राह्यलो, त्याचा असा सव्वीसचा तुकडा करून देऊ?"

"मग राहू द्या सव्वीस."

"राहू देऊ? म्हणजे मी उधार मरू?"

त्यांनी येरझारा घातल्या. मग थांबले. "सदतीस त्रिक एकशे अकरा! तिसरा सदतीस घे, अकरा वरचे तुले."

"मला वरचे अकरा नको," मी म्हटलं. "ते घेतले तर मी तुमचे अकरा देणं लागते. पुन्हा फळी ठोकाल."

काका बसले. आम्ही दोघंही त्या चौऱ्याहत्तर रुपयांकडे पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी न्यायला येणार होती, सामान बांधून झालं होतं. गाठोड्यावर एक नवा पायजमा ठेवला होता, पायात येत होता म्हणून काकांनी तो खालून दोनदा दुमडून टाचणी लावली होती. माझं लक्ष त्याच्याकडे गेलं.

"हा कापून शिवून देते. मजुरी अकरा रुपये."

काकांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. पायजमा कापायचे मी वीस घेते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"अकरा कसे?"

"दहा कापायचे," मी म्हटलं. "एक रुपया धाग्याचा." हिशोबात मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले आणि कान तापले.

"माप घे मंग."

टेप लावली. कमरेपासून घोट्यापर्यंत अडतीस इंच भरले. काकांनी वाकून टेपवरचा आकडा वाचला.

"सदतीसवर काप."

"आखूड होईल, काका. घोटे दिसतील."

"दिसू दे. चंद्रपूरवाल्यायले घोटे नाईत का?"

मी घरी येऊन मशीनवर बसले, दुमडीपुरतं कापड राखून सदतीसवर कापला, दोन्ही पायांना दुमड घातली. परत नेऊन दिला तेव्हा त्यांनी तिथेच आत जाऊन घालून पाहिला आणि ओट्यावर उभे राहिले. दोन्ही घोटे बाहेर, खाली चपला, वर गांधी टोपी. गल्लीतली दोन माणसं हसली. काकांनी लक्ष दिलं नाही. चौऱ्याहत्तरच्या शेजारी त्यांनी तिसरी ढिगारी लावली. तीन दहाच्या नोटा, एक पाचाचं नाणं, एक दोनाचं. बोट ठेवून तिन्ही ढिगाऱ्या मोजल्या, मला मोजायला लावल्या, आणि तिन्ही एकदम उचलून माझ्या ओंजळीत ओतल्या.

"शंभर तुहे परत, अकरा मजुरी. पूर्ण?"

मी एकेक नोट, एकेक नाणं मोजलं. एकशे अकरा होते.

"पूर्ण," मी म्हटलं.